वाहन स्वनिदान प्रणाली

मोटारीतील इंजिन व उत्सर्जन नियंत्रणाच्या भागांवर सतत लक्ष ठेवून बिघाड नोंदवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. ‘ओबीडी’ या नावाने ती ओळखली जाते. अमेरिकेत १९९६ पासूनच्या नव्या मोटारींत तिची दुसरी आवृत्ती, ‘ओबीडी-२’, सक्तीची झाली. भारतात चारचाकींसाठी ती एप्रिल २०१३ पासून लागू झाली.

ऑक्सिजन, तापमान, हवेचा प्रवाह इत्यादींचे संवेदक आपली मापने इंजिन नियंत्रक संगणकाकडे पाठवतात. मापन ठरावीक मर्यादेबाहेर गेल्यास संगणक पाच चिन्हांचा दोषसंकेत व त्या क्षणाची इंजिनाची स्थिती स्मृतीत साठवतो. अनेक दोषांबाबत पुढच्या फेरीतही तोच दोष आढळला, तरच डॅशबोर्डवरील ‘चेक इंजिन’ दिवा लागतो. दिवा लुकलुकू लागल्यास ज्वलन चुकत असून उत्प्रेरक परिवर्तकाला धोका असतो.

स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या जोडणीला स्कॅनर लावून संकेत वाचतात. उदा., ‘पी०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकणे. संकेत लक्षण सांगतो, कारण नव्हे. ते स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल किंवा इंजेक्टर तपासूनच निश्चित करावे लागते.