पट्ट्यासाठी केलेला अर्ज

पोलीस खात्यात शिरू पाहणाऱ्या तरुणाला आज जी वाट चालावी लागते ती सर्वांच्या परिचयाची आहे. अर्ज भरावयाचा, मैदानावर धावावयाचे, उंची व छाती मोजून घ्यावयाची, लेखी परीक्षेला बसावयाचे, डॉक्टरांपुढे उभे राहावयाचे आणि चारित्र्याची चौकशी पुरी झाली म्हणजे नेमणुकीच्या हुकुमाची वाट पाहत राहावयाचे. वडोदऱ्यात, म्हणजे मराठी माणसांच्या जुन्या बडोद्यात, शिपायाच्या या जागेला आता ‘लोकरक्षक’ असे नाव आहे. नाव निराळे असले तरी भरतीच्या दिवशी पहाटेपासून मैदानाबाहेर जमणारी मुले आणि दूर उभी राहिलेली त्यांची वडीलधारी मंडळी यांच्या चेहऱ्यावरची काळजी महाराष्ट्रात दिसते तशीच गुजरातेतही दिसते.

या अर्जात जातीचा एक रकाना असतो. आज तो राखीव जागांच्या हिशेबासाठी भरला जातो. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबई इलाख्यातल्या एखाद्या महार तरुणाने तो रकाना खरेपणाने भरला असता, तर त्याची उंची मोजण्याची वेळच आली नसती. त्या काळी शिपायाचा पट्टा मिळावा म्हणून एका समाजाने जो अर्ज केला, त्याची हकिकत इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडते. या हकिकतीतील एक कसोटीचा दिवस बडोद्यात उगवला होता.

ज्यांना पोलिसाचा पट्टा नाकारला गेला, ते पोलिसाच्या कामाला नवखे होते काय? जुन्या मराठी गावगाड्याकडे पाहिले म्हणजे याचे उत्तर मिळते. गावच्या वेशीवर पहारा करणारा वेसकर महार असे. गावात परका माणूस आला तर त्याची खबर पाटलाला द्यावयाची, सरकारी वसुलाची रक्कम कसब्याला पोचविताना सोबत चालावयाचे, पाटलाचा निरोप घरोघर सांगावयाचा, ही त्याची कामे होती. दोन गावांत शिवेचा तंटा लागला म्हणजे शीव कोठून कोठे जाते याविषयी महाराची साक्ष मोलाची मानली जाई. या चाकरीबद्दल त्याला थोडी वतनी जमीन आणि घरोघरचे बलुते मिळे. याचा अर्थ असा की गावाच्या रखवालीचा मोठा भार पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या खांद्यावर होता.

पुढे इंग्रजी अंमलात पोलीस हे सरकारचे स्वतंत्र खाते बनले. मुंबई इलाख्यात १८६७ साली जिल्हा पोलिसांसाठी एक व गावच्या पोलिसांसाठी एक असे दोन कायदे झाले. पोलीस पाटलाला कायद्याचा अधिकार मिळाला, जिल्ह्याच्या शिपायाला गणवेश, पट्टा आणि दरमहाचा पगार मिळाला. महार मात्र होता तेथेच, वेशीवर, राहिला. रखवालीचे काम त्याच्याकडे ठेवण्यात कोणाला अडचण वाटत नव्हती. अडचण वाटे ती त्या कामाबरोबर येणाऱ्या अधिकाराची. अस्पृश्य मानलेल्या माणसाने अंगावर सरकारी गणवेश चढविला तर तो उद्या कोणाच्याही ओसरीवर चढून झडती घेईल, कोणाच्याही दंडाला धरील, आणि पोलीस लाईनीतल्या विहिरीवर इतरांबरोबर पाणी भरील, ही खरी धास्ती होती.

लष्कराची हकिकतही अशीच शोचनीय आहे. मुंबई इलाख्याच्या जुन्या फौजेत महारांची मोठी भरती होत असे. कोरेगाव येथे १ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या लढाईच्या स्मारकस्तंभावर पडलेल्या महार शिपायांची नावे कोरलेली आहेत. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लढवय्या जाती व बिनलढवय्या जाती असा भेद सरकारने उभा केला आणि महारांची लष्करभरती थांबली. ज्या घरांतून सुभेदार निपजले होते त्या घरांतील मुलांना शिपाई म्हणूनही कोणी घेईना. पेन्शन घेतलेले लष्करी गृहस्थ गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली या अन्यायाविरुद्ध एक अर्ज तयार केला. अर्जाची ही वाट पुढे पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी चालविली.

कांबळे हे पुण्यात एका मेसॉनिक हॉलमध्ये बटलर म्हणून नोकरीस होते. मोठ्या शिक्षणाचा वा संपत्तीचा आधार नसलेल्या या गृहस्थाने सासवड येथे महार बांधवांची सभा भरविली, १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक काढले आणि १९१० साली दक्षिणेतील महारांच्या परिषदेतर्फे थेट भारतमंत्र्याकडे अर्ज पाठविला. या अर्जातले मागणे वाचले म्हणजे मन थबकते. त्यात कलेक्टरची जागा मागितलेली नाही, मामलेदाराचीही नाही. सरकारी नोकरीतील अगदी खालच्या पायरीवर, पोलीस शिपाई म्हणून व फौजेतील शिपाई म्हणून आम्हांस प्रवेश द्यावा, एवढेच मागणे आहे.

अर्जात एक प्रश्नही विचारलेला आहे. महार ख्रिस्ती झाला की त्याचा सामाजिक व राजकीय दर्जा तत्काळ उंचावतो. मग आपल्या वाडवडिलांच्या धर्मात राहिलेल्या महाराला सरकारच्या कायद्याने आणि न्यायाने तीच उन्नती का मिळू नये? हा प्रश्न सरकारला उद्देशून होता, परंतु तो सर्वच धर्मांच्या अनुयायांना निरुत्तर करणारा होता.

त्याच काळात सुशिक्षित हिंदी पुढारीही सरकारी नोकऱ्यांचे दार ठोठावीत होते. वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांच्या निवडीसाठी लंडनमध्ये १८९३ पासून स्पर्धा परीक्षा होऊ लागली होती. परंतु ती युरोपियनांपुरतीच होती. फ्रेझर कमिशनने १९०२-०३ मध्ये पोलीस खात्याची तपासणी केल्यावर हिंदी लोकांसाठी डेप्युटी सुपरिंटेंडेंटची जागा निर्माण झाली, आणि पुढे १९२१ पासून वरिष्ठ जागांसाठी हिंदुस्थानातही परीक्षा होऊ लागली. वरचे दार परकी राज्यकर्त्यांनी अडविले होते, आणि त्याविरुद्ध सभा गाजत होत्या, वृत्तपत्रे लिहीत होती. खालचे दार मात्र अडले होते ते आपल्याच समाजातील सोवळ्याओवळ्याने, आणि सरकारने त्या सोवळ्याला आपल्या नियमांत आसरा दिला होता. त्या दाराविषयी बोलणारे आवाज फार थोडे होते.

अशा वेळी बडोदे संस्थानात काय चालले होते? सयाजीराव गायकवाड यांनी १८८१ अखेर राज्यकारभार हाती घेतला आणि लगेच १८८२-८३ मध्ये अंत्यजांच्या मुलांसाठी सरकारी शाळा उघडल्या. या शाळांत शिकविण्यास हिंदू शिक्षक पुढे येईनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. १९०६ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा सर्व संस्थानाला लागू झाला. याच महाराजांनी एका महार सुभेदाराच्या मुलाला कॉलेजच्या शिक्षणासाठी दरमहा २५ रुपयांची मदत दिली, आणि १९१३ साली त्याला अमेरिकेस धाडले. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची, असा करार झाला होता. हा मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर.

१९१७ च्या सप्टेंबरात आंबेडकर करार पाळण्यासाठी बडोद्यास आले. ज्या नोकरीसाठी इतरांना अर्ज, शिफारस आणि परीक्षा यांचे दिव्य करावे लागते, ती त्यांच्या हाती आयती होती. कोलंबिया विद्यापीठातील शिक्षण पाठीशी होते, महाराजांचा वरदहस्त होता. कागदावर एकही उणीव नव्हती. परंतु राहण्यास जागा मिळेना. हिंदू खाणावळीत शिरकाव नव्हता. अखेरीस दीड रुपया रोजाने, पारशी नावाची नोंद करून, ते एका पारशी पथिकाश्रमात उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि संध्याकाळच्या आत जागा सोडण्याचा हुकूम झाला. गावात दोन स्नेही होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या अडचणी पुढे केल्या. आसरा कोणीच दिला नाही. मुंबईची गाडी रात्री नऊची होती. मधले पाच तास या विद्वान तरुणाने कमाठी बागेत काढले. ही हकिकत आंबेडकरांनी स्वतःच पुढे लिहून ठेविली आहे. ती बाग आज सयाजी बाग म्हणून ओळखली जाते आणि तेथील वडाच्या झाडाच्या जागेला ‘संकल्पभूमी’ म्हणतात.

योगायोग असा की त्याच १९१७ साली महायुद्धामुळे शिपाई कमी पडू लागले, तेव्हा सरकारने महारांची एक स्वतंत्र पलटण उभी केली. युद्ध संपून काही वर्षे लोटतात न लोटतात तोच ती मोडून टाकण्यात आली. गरज असली म्हणजे दार किलकिले व्हावयाचे आणि गरज सरली म्हणजे पुन्हा लागावयाचे, हा अनुभव या समाजाला नवा नव्हता.

बडोद्यातील त्या पाच तासांचा अर्थ काय? कांबळे यांच्या अर्जाचा रोख असा होता की सरकारने हुकूम काढावा आणि आम्हांस नोकरीत घ्यावे. बडोद्यात हुकूम निघालेला होता. तो काढणारा राजा सज्जन होता आणि हुकूम ज्याच्या नावे होता तो माणूस सर्वतोपरी लायक होता. तरीही तो अकरा दिवसांपलीकडे टिकला नाही. कचेरीतला पट्टेवाला, खाणावळीचा मालक, शेजारपाजारचे बिऱ्हाडकरू यांनी मिळून तो रद्द केला. नेमणूक एका माणसाच्या मर्जीवर अवलंबून असली आणि तिच्यामागे कायद्याचे पाठबळ नसले, म्हणजे ती किती दुबळी ठरते, हे त्या दिवशी दिसून आले.

पुढील लढ्यात हा धडा पदोपदी दिसतो. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याबद्दल माणसांना मार बसला. १९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीत आंबेडकर सभासद होते. या समितीने १९३० च्या अहवालात नमूद केले की हक्क बजावू पाहणाऱ्या अस्पृश्यांना गावात काम व धान्य बंद करून जेरीस आणले जाते. असा माणूस फिर्याद घेऊन जाई तेव्हा चौकीत टेबलामागे कोण बसलेले असे, हा प्रश्न मग केवळ नोकरीचा राहत नाही. गोलमेज परिषदेपुढे १९३० साली मांडलेल्या मागण्यांत, उच्चवर्णीय अधिकाऱ्यांनी कायद्याचा दुरुपयोग करून दलितांना छळले आहे, म्हणून सरकारी नोकऱ्यांत त्यांना पुरेसे स्थान हवे, असे स्पष्ट म्हटलेले आहे. पगारापेक्षा संरक्षणासाठी ही जागा हवी होती.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी राखीव जागा ठरल्या. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि २६ जानेवारी १९५० पासून सरकारी नोकरीत समान संधी हा नागरिकाचा मूलभूत हक्क झाला व अस्पृश्यता बेकायदा ठरली. वेशीवरची जुनी वतनी चाकरीही मुंबई राज्याने १९५८ च्या कायद्याने संपविली.

या सर्वांत १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हा कायद्यातील एक कलम विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या कलमाने या कायद्याखालील गुन्हे दखलपात्र ठरविले. म्हणजे विहिरीवर, देवळात वा खाणावळीत कोणाला अस्पृश्य म्हणून अडविले, तर पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकतात. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आणि त्याखालील नियम याहून पुढे गेले. असा गुन्हा घडल्यास त्याचा तपास डेप्युटी सुपरिंटेंडेंटच्या दर्जाखालील अधिकाऱ्याने करता कामा नये, असा दंडक त्यांनी घातला. एके काळी ज्याच्या स्पर्शाचे कारण सांगून शिपायाचा पट्टा नाकारला जाई, त्याचाच मुलगा आज तो पट्टा बांधून स्पर्श नाकारणाऱ्याविरुद्ध फिर्याद लिहून घेऊ शकतो.

तथापि एवढ्यावर समाधान मानून थांबणे योग्य होणार नाही. कायद्याने नेमणूक मिळते. लाईनीतले शेजारपण कायद्याने मिळत नाही. बदली होऊन नव्या गावी गेलेल्या शिपायाला भाड्याची खोली दाखविण्यापूर्वी आडवळणाने त्याचे आडनाव विचारले जाते तेव्हा १९१७ चे बडोदे फार दूर राहिलेले नसते. जागा देताना तेथे ज्या दोन स्नेह्यांना अडचणी आठवल्या, ते दुष्ट नव्हते. चारचौघांसारखेच होते, आणि म्हणूनच त्यांचे उदाहरण मनाला लागते.

वडोदऱ्याच्या मैदानावर भरतीसाठी धावणाऱ्या मुलांना शिवराम जानबा कांबळे हे नाव बहुधा ठाऊक नसते. त्यांच्या हातातल्या अर्जावर जातीचा रकाना आहे, आणि तो भरल्यावरही उंची मोजणारा माणूस त्यांना रांगेतून बाहेर काढीत नाही. १९१० साली पुण्याहून गेलेल्या त्या अर्जात मागितले होते ते एवढेच.