निगेटिव्ह रिपोर्ट आणि लॉक हॉस्पिटलची सावली

जननेंद्रियाच्या हर्पिसची शंका आलेला माणूस रक्त तपासून घेतो, रिपोर्ट निगेटिव्ह येतो, आणि शंका मात्र तिथेच राहते. काही दिवसांनी तो दुसऱ्या लॅबमध्ये जातो, शक्यतो जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी. 2021 मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या मांजरी बुद्रुकसारख्या वस्तीत हे विशेष अवघड होतं. गावकी पुरती मोडलेली नाही, शहराचा अनोळखीपणा अजून पुरता आलेला नाही. त्यामुळे केमिस्टच्या दुकानात औषधाचं नाव घेतानाही आवाज आपोआप खाली येतो. अशा माणसाला आपण ‘वहमी’ म्हणून मोकळे होतो. माझं म्हणणं असं की या शंकेचा एक भाग वैद्यकीय आहे आणि डॉक्टर तो अर्ध्या तासात निकालात काढू शकतात. उरलेला भाग इतिहासाचा आहे. तपासणी म्हणजे चारित्र्याचा दाखला, ही समजूत त्या माणसाने स्वतः तयार केलेली नाही. ती त्याच्याकडे वारशाने आली आहे, आणि पुण्यात तरी त्या वारशाचा पत्ता सांगता येतो.

मांजरीहून सोलापूर रस्त्याने शहराकडे निघालं की हडपसर मागे पडतं आणि लष्कराचा भाग सुरू होतो. 1864 चा छावणी कायदा आणि 1868 चा सांसर्गिक रोगांचा कायदा यांच्या काळात पुणे आणि खडकी या दोन्ही छावण्यांत लॉक हॉस्पिटलं, म्हणजे वेश्यांना गुप्तरोगांच्या तपासणीसाठी आणि उपचारांसाठी ठेवण्याची रुग्णालयं होती. गोऱ्या शिपायांना गुप्तरोग होऊ नयेत म्हणून सरकारने वेश्यांची नोंदणी सक्तीची केली. नोंदलेल्या बाईला एक छापील तिकीट मिळे. ठराविक दिवसांनी तिने तपासणीला हजर व्हायचं, तिकिटावर तशी नोंद व्हायची, आणि रोगी ठरली तर बरी होईपर्यंत तिला रुग्णालयात डांबलं जाई. शिपायांवर अशी सक्ती त्या कायद्यात नव्हती. या तिकिटाकडे जरा थांबून पाहावं. त्यावरची ‘निरोगी’ ही नोंद पुढच्या हजेरीपर्यंतच चालायची. कितीही वेळा निरोगी ठरली तरी बाई संशयितच राहायची, कारण संशय तिच्या आजारावर नव्हता, तिच्यावर होता. शिवाय ही तपासणी निव्वळ नजरेची होती. उपदंशाचा जंतू 1905 मध्ये सापडला आणि वासरमन यांची रक्तचाचणी 1906 मध्ये आली. भारतातला कायदा तर 1888 मध्येच रद्द झाला होता. म्हणजे खात्रीलायक चाचणी येण्याआधीच तपासणीला शिक्षेचं रूप येऊन गेलं होतं. चाचणी नंतर आली आणि त्याच साच्यात बसवली गेली.

कायदा गेला, पण भाषेने तो साचा सांभाळला. सोळाव्या शतकात भावमिश्राने उपदंशाला ‘फिरंग’ रोग म्हटलं, म्हणजे दोष परक्यावर गेला. बोलीत ‘गरमी’ आणि ‘परमा’ आले. त्यांच्या शेजारी आलेला ‘गुप्तरोग’ हा शब्द रोगाचं वर्णन करतच नाही. तो फक्त लपवायला सांगतो. या लपवाछपवीविरुद्ध मराठीत सर्वांत नेटाने उभे राहिले ते रघुनाथ धोंडो कर्वे. जुलै 1927 मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं आणि 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. वाचक प्रश्न विचारत आणि कर्वे नीतीचा उपदेश न करता शरीराची माहिती देत. याच उत्तरांपायी 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू लढवली, तरी दंड झालाच. लैंगिक प्रश्नाला साधं उत्तर देणं जिथे गुन्हा ठरतं, तिथे प्रश्न विचारणारा स्वतःला गुन्हेगार समजू लागला तर नवल नाही.

यावर एक चांगला आक्षेप येतो. हर्पिसची अशी धास्ती अमेरिकेतही आहे, आणि तिथे पुण्याची छावणी नव्हती. खरं आहे. पण तिथलीही धास्ती आजाराबरोबर जन्मलेली नाही. हर्पिसचे दोन प्रकार 1960च्या दशकात वेगळे ओळखले गेले, आणि ऑगस्ट 1982 मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने मुखपृष्ठावर हर्पिसला व्यभिचाराची खूण म्हणून अंगावर वागवाव्या लागणाऱ्या लाल अक्षराची उपमा दिली. गंमत नव्हे, दुर्दैव असं की असायक्लोव्हिर हे औषध तिथे मलमाच्या रूपात मंजूर झालं तेही त्याच वर्षी. औषध आलं आणि डागही लागला. तेव्हा हा आक्षेप माझं म्हणणं खोडत नाही, रुंदावतो. शरमेला सगळीकडे इतिहास असतो. आपल्याकडे तिने तिकिटाचं आणि हजेरीचं रूप घेतलं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: चाचण्या खरोखरच चुकतात, मग शंका घेणं शहाणपणाचं नाही का? मर्यादेत आहे, आणि ती मर्यादा समजून घ्यायला मांजरीसारखी जागा नाही. सीरम इन्स्टिट्यूटच्या संकुलाशेजारी राहणाऱ्या या भागाने कोविडच्या दिवसांत दोन चाचण्यांतला फरक पाठ केला होता: नाकातला स्वॅब विषाणू आज आहे का ते पाहतो, रक्तातली अँटीबॉडी शरीराने पूर्वी त्याला तोंड दिलं का ते सांगते. हर्पिसचंही तसंच. अंगावर ताजा फोड किंवा जखम असेल तर तिथला स्वॅब घेऊन केलेली पीसीआर चाचणी सर्वांत उपयोगी. खपली धरल्यावर तिचा भरवसा कमी होतो. फोड नसेल तर प्रकार 2 साठीची आयजीजी रक्तचाचणी. या अँटीबॉडी बहुतेकांत संबंधानंतर 12 आठवड्यांपर्यंत तयार होतात, क्वचित थोडा अधिक वेळ लागतो. म्हणून दहाव्या दिवशीचा निगेटिव्ह रिपोर्ट अपुरा असतो, आणि 12 आठवड्यांनंतरचा, लक्षणं नसताना आलेला, मोठा भरवसा देतो. आयजीएम चाचणी यासाठी विश्वासार्ह नाही, तरी ती सर्रास केली जाते. आयजीजीचा आकडा जेमतेम पॉझिटिव्ह असेल तर तोही दुसऱ्या पद्धतीने पडताळावा लागतो. आणि आपल्याकडची ‘नागीण’ हा तर वेगळ्याच विषाणूचा आजार. तिचा लैंगिक संबंधाशी काही संबंध नाही. चाचणी चुकते याचा अर्थ ती कधी आणि कशी चुकते हे ठाऊक आहे, असा होतो. तेवढं सांभाळून एकदा नीट चाचणी झाली की तिसरी, चौथी, पाचवी नवी माहिती देत नाही. उलट प्रत्येक चाचणीत खोट्या पॉझिटिव्हचा थोडा धोका असतोच. ती माहिती राहत नाही, हजेरी होते.

तिसरा आक्षेप म्हणजे भीती असलेली बरी, ती माणसाला जपते. पुण्याचाच अनुभव याच्या उलट आहे. 1992 मध्ये इथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. 1993 ते 2000 या काळात शहरातल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या 2,732 एचआयव्हीमुक्त रुग्णांच्या अभ्यासात 43 टक्के लोकांच्या रक्तात हर्पिस प्रकार 2 च्या अँटीबॉडी आढळल्या, आणि ज्यांना हा संसर्ग नुकताच झाला होता त्यांना एचआयव्ही होण्याचा धोका जवळजवळ चौपट दिसला. दवाखान्यात आलेल्यांचे हे आकडे सगळ्या शहराला लावता येणार नाहीत. पण हे ज्ञान मिळालं ते रुग्ण दवाखान्याची पायरी चढले म्हणून. ज्याला शरम घरी बसवते त्याच्याकडून ना काही कळतं, ना त्याचा जोडीदार सुरक्षित राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात 15 ते 49 वयाच्या सुमारे 84 कोटी लोकांना जननेंद्रियाचा हर्पिस आहे, म्हणजे पाचातल्या एकाहून अधिक जणांना. इतक्या लोकांना असलेला आजार चारित्र्याची खूण कसा असेल?

म्हणून शंका घेणाऱ्याला हसू नये, आणि त्याला पुन्हा लॅबमध्येही पाठवू नये. त्याने त्वचारोग आणि गुप्तरोगांच्या डॉक्टरांना तारखा सरळ सांगाव्यात, फोड आला तर तो ताजा असतानाच दाखवावा, आणि 12 आठवड्यांनंतरचा निगेटिव्ह रिपोर्ट मान्य करावा. त्यानंतरही झोप लागत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. तीही तितकीच खरी तक्रार आहे. ज्या बायकांच्या हातात ते तिकीट होतं त्यांना हजेरी नाकारण्याची मुभा नव्हती. आपल्याला आहे, ती वापरावी.