बडी लाईन बडी कधी झाली?

गोंदियातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात दोन रेल्वे असतात, छोटी लाईन आणि बडी लाईन. ऐकणाऱ्याला वाटतं, आधी छोटी आली असेल, मग सुधारणा होऊन बडी. क्रम नेमका उलटा आहे. हावड्याकडे जाणारी रुंद लाईन इथे आधीची. सातपुड्यात चढणारी अरुंद लाईन तिच्यानंतर दीड दशकाने आली, आणि ती आल्यावरच पहिलीला ‘बडी’ म्हणायची गरज पडली. तोवर ती नुसती रेल्वे होती.

त्याही आधीचा एक पूर्वज आहे. १८८० च्या सुमारास नागपूर-छत्तीसगढ रेल्वेचं काम सुरू झालं आणि १८८२ पर्यंत गाडी राजनांदगावला पोचली. हे रूळ मीटर गेजचे, म्हणजे एक मीटर रुंदीचे. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने हा मार्ग ताब्यात घेतला आणि थोड्याच काळात १६७६ मिलिमीटरचा केला. आजच्या हिशेबाने ती पहिली लाईन छोटीच. पण गोंदियात शेजारी दुसरी नव्हती, त्यामुळे छोटी ठरण्याआधीच ती उखडली गेली. नागपुरात गोष्ट वेगळी, तिथे १८६७ पासून मुंबईची रुंद रेल्वे होती. तिथल्या हमालांनी या नव्या गाडीला काहीतरी नाव ठेवलं असणार, हा माझा निव्वळ तर्क.

१९०३ ते १९०५ या काळात त्याच कंपनीने गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करत जबलपूरपर्यंत अडीच फुटी रूळ टाकले. डोंगरात वळणं घ्यायला आणि खर्च आवरायला हे माप सोयीचं. पुढे नागभीड, चांदा फोर्टकडेही अरुंदच लाईन गेली. एका मापाचा डबा दुसऱ्या मापाच्या रुळावर चालत नाही, म्हणून गोंदियात माल उतरवायचा आणि पुन्हा चढवायचा. अशा ठिकाणी ‘गाडी आली’ एवढं सांगून भागत नाही. कोणती, ते सांगावंच लागतं. विशेषण आलं ते या अडचणीतून. चांदा फोर्टची लाईन नव्वदच्या दशकात रुंद झाली, जबलपूरकडची शेवटची अरुंद गाडी २०१५ मध्ये थांबली. आता सगळ्याच लाईनी बड्या, त्यामुळे नव्या पिढीला कोणतीच बडी म्हणावी लागत नाही.

शेतातही हेच घडलं, तिथेही नवं आल्यावर जुन्याच्या वाट्याला विशेषण आलं. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आल्यावर साधा नांगर लाकडी झाला. युरियाची पोती आली आणि खत शेणखत झालं. १९६६ नंतर ‘आयआर-८’सारखे बुटके, भरघोस वाण पसरले, तेव्हा बापजाद्यांचं धान देशी ठरलं.

तांदळाचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं. उखळात मुसळाने धान कांडणाऱ्या बाईच्या लेखी तांदूळ म्हणजे तांदूळ. गिरण्या आल्या, गोंदिया तर राईस मिलचं गाव झालं, आणि घरच्या तांदळाला ‘हातसडीचा’ म्हणणं भाग पडलं. या शब्दाला प्रतिष्ठा दिली ती गांधीजींनी. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि हातसडीचा तांदूळ त्याच्या कार्यक्रमात आला. कारण दुहेरी होतं: कांडणाऱ्या बायांची मजुरी, आणि पॉलिशबरोबर कोंड्यात निघून जाणारं पोषण. पांढऱ्याशुभ्र तांदळाचा बेरीबेरीशी असलेला संबंध डच वैद्य आइकमान यांना जावा बेटावर कोंबड्या पाळताना दिसला होता. १९२९ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. स्वतंत्र भारतात १९५८ मध्ये गिरण्यांना परवान्याचं बंधन घालणारा कायदाही झाला. बायांचं कांडण तरीही सुटलं. आणि खरं सांगायचं तर, रोज पहाटे मुसळ उचलणाऱ्या बाईला त्याचं फार दुःख झालं असेल असं मला वाटत नाही.

बडीचं विशेषण छोटीबरोबर गेलं. हातसडीचं गेलं नाही, उलट महाग झालं. शहरातल्या दुकानांत त्या नावाने मिळणारा तांदूळ बहुतेकदा रबरी रोलरच्या यंत्रातून निघालेला असतो. वरचं टरफल काढलेलं, पॉलिश मात्र नाही. कोंडा टिकतो, म्हणजे पोषणाचा मुद्दा शाबूत. मजुरीचा मुद्दा मात्र गिऱ्हाईकही विचारत नाही आणि दुकानदारही काढत नाही.