झारेकरी आणि हिरवं पाणी

खामगावला आपण रजतनगरी म्हणतो. माझं लहानपण इथल्या सराफ्यामागच्या गल्लीत गेलं. दुकानाचा केर फेकायचा नाही, हा तिथला दंडक. झारेकरी तो केर विकत घ्यायचा, परातीत धुवायचा आणि त्यातून सोन्याचांदीचे कण वेचायचा. धुवण मात्र गटारात जायचं. त्यात राख-माती असे, कधी पारा आणि तेजाबही असे. सोन्याचा हिशेब गुंजेपर्यंत, धुवणाचा कुणीच ठेवला नाही.

पुढे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडचे, दुष्काळाने गाव सोडलेले गलाई बांधव सोनं-चांदी शुद्ध करण्याची कला घेऊन देशभर गेले. आज झारेकऱ्याच्या केराची जागा जुन्या संगणकांच्या भंगाराने घेतली आहे. पण हा केर वेगळा आहे.

कार्डावर आधी तांबं, त्यावर निकेल आणि सर्वांत वर सोन्याचा मुलामा असतो. मध्ये निकेल नसेल तर तांबं हळूहळू सोन्यात शिरतं. सोन्याचा थर इतका पातळ, की निकेल त्याच्या कित्येक पट भरतं. नायट्रिक आम्लात तांबं आणि निकेल विरघळतात, सोन्याचे पापुद्रे उरतात. उरलेल्या पाण्यात लोखंड टाकलं की तांबं खाली बसतं, निळा रंग जातो. लोकांना वाटतं, विष गेलं. पण निकेल बहुतेक पाण्यातच राहतं.

चुना घालून आंबटपणा मारला, तरी काम संपत नाही. पाणी चांगलंच अल्कधर्मी, म्हणजे सामू दहाच्या आसपास जाईल, तेव्हा निकेलचा साका बसतो. तो साकाही उकिरड्यावर टाकायचा नाही. तो घातक कचरा. विदर्भात त्याची विल्हेवाट लावणारं केंद्र बुटीबोरीला आहे. ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११ साली आले, १ मे २०१२ पासून लागू झाले. २०२२ चे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून आहेत. नोंदणीशिवाय हे काम करता येत नाही. परसात तर नाहीच.

आता आपल्या पाण्याकडे पाहा. पूर्णाकाठी शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे खारपाण पट्टा. तिथे गोड पाण्याची विहीर म्हणजेच सोनं. पिण्याच्या पाण्यात निकेलची भारतीय मर्यादा लिटरला ०.०२ मिलिग्रॅम आहे. म्हणजे एक लाख लिटर पाण्याची विहीर त्या मर्यादेला नेऊन भिडवायला अवघं दोन ग्रॅम निकेल पुरतं.

दोन ग्रॅम सोनं सांडलं तर सराफ सारी फरशी झाडून काढील. मंडळी, त्याच काट्यावर आता धुवणही तोलायला हवं.