हाताची घडी, तोंडावर बोट

‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही आज्ञा ज्याने शोधून काढली तो मनुष्य शिक्षक असला पाहिजे, यात शंका नाही. शरीरशास्त्राचा जाणकार मात्र तो खासच नव्हता. दोन्ही हातांची घडी घातल्यावर तोंडावर ठेवायला बोट आणायचं कुठून? शेजाऱ्याचं आणावं, तर त्यातून जी शांतता निर्माण होईल ती अर्धा मिनिटही टिकायची नाही. तरीही महाराष्ट्रातल्या किती पिढ्यांनी ही अशक्य कोटीतली आज्ञा निमूटपणे पाळली! घडीतला एक हात हळूच सोडवून घ्यायचा, तर्जनी ओठांवर टेकवायची आणि त्या तर्जनीच्या आडून बोलणं चालू ठेवायचं, ही कला आम्ही पहिलीतच शिकलो. बाकीच्या कला शिकायच्या राहूनच गेल्या.

मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. मी बी. कॉम. असून धाडला एका बँकेत कारकून आहे. धाड म्हणजे बुलडाणा तालुक्यातलं, जिल्ह्याच्या पार कडेचं गाव. थोडं दक्षिणेला सरकलं की जालना जिल्हा लागतो. इतिहासाशी माझा संबंध जुन्या थकबाकीपुरता. पण आमच्या सौ. प्राथमिक शाळेत दुसरीच्या वर्गावर आहेत. संध्याकाळी त्या घरी येतात तेव्हा त्यांचा आवाज पूर्णपणे बसलेला असतो. एखाद्या नवऱ्याने यात समाधान मानलं असतं. मी मानलं नाही. (मानलं असतं तरी लिहिलं नसतं.) एके दिवशी त्यांनी खुणेनेच मला विचारलं, “वर्ग शांत असावा, हे मुळात ठरवलं कोणी?” प्रश्न रास्त होता. तेव्हापासून रविवारी मी जुनी पुस्तकं चाळू लागलो, आणि जे हाती लागलं त्याचा हा ताळेबंद.

पहिली जमेची नोंद अशी, की आपल्या पूर्वजांना शांत वर्ग नकोच होता. पंतोजींची शाळा देवळात, नाहीतर एखाद्या सधन माणसाच्या ओसरीवर भरे. वर्ग, इयत्ता, तासिका असली भानगड नव्हती. एका कोपऱ्यात धाकटी पोरं धूळपाटीवर बोटाने अक्षरं गिरवताहेत, दुसरीकडे थोरली पोरं मोडी वळवताहेत आणि दिवेलागणीला सगळ्यांचा मिळून परवचा चाललाय. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी! ही शाळा डोळ्यांनी नव्हे, कानांनी ओळखायची. मला तर वाटतं, पेठेतला वाणी गादीवर बसल्या बसल्या कान देऊन ऐकत असेल, की आपण देतो त्या शेरभर धान्याच्या मोबदल्यात पोरगा नीट ओरडतोय की नाही. तिथे गोंगाट हा गुन्हा नव्हता, तो शिक्षणाचा पुरावा होता. शाळा अचानक गप्प झाली, तर पंतोजींना डुलकी लागली असं लोक समजत असतील. अर्थात पंतोजी काही संत नव्हते. छडी होती, अंगठे धरणं होतं. पण ती शिक्षा बहुधा पाठ नसल्याबद्दल असे, आवाज केल्याबद्दल नव्हे. उलट आवाज कमी पडला तरच पाठीवर काही यायचं.

मग शांतता आली कुठून? ती आली बोटीने. पण गंमत म्हणजे आधी ती इथूनच गेली होती.

अँड्र्यू बेल नावाचे एक स्कॉटिश पाद्री १७८७ मध्ये मद्रासेला आले आणि दोन वर्षांनी तिथल्या सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख झाले. शाळेत मास्तर थोडे आणि त्यांना नवं काही करायचा कंटाळा. (हे वाचताना मला आमच्या शाखेतला एक सहकारी आठवला, पण ते असो.) एकदा बेलसाहेबांना मलबारकडची काही मुलं वाळूत बोटाने अक्षरं काढताना दिसली. त्यांनी आपल्या मास्तरांना तसं शिकवायला सांगितलं, मास्तरांनी जमणार नाही म्हणून कळवलं. तेव्हा साहेबांनी जॉन फ्रिस्केन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला, एका साध्या शिपायाच्या मुलाला, अक्षरओळखीचा वर्ग देऊन टाकला. पोराने तो चालवून दाखवला! पुढे १७९७ मध्ये बेलसाहेबांनी लंडनला यावर एक पुस्तिकाच छापली. मुलांनी मुलांना शिकवायचं, या पद्धतीला ‘मद्रास पद्धत’ असं नाव मिळालं.

वर्गातला मॉनिटर जगात लोकप्रिय झाला तो असा. आपल्या धुळाक्षरांच्या ओसरीवरून तो विलायतेला गेला आणि तिथे त्याला जोसेफ लँकेस्टर हे दुसरे गृहस्थ भेटले. या लँकेस्टरांच्या लंडनच्या शाळेत एका प्रचंड दालनात शेकडो मुलं आणि मास्तर एकच! मध्ये मॉनिटरांची उतरंड. एवढी मुलं एका छताखाली बसवायची म्हणजे शिस्त लष्करी हवी. लँकेस्टर छडीच्या विरोधात होते, हे त्यांच्या जमेला. पण खट्याळ मुलाला टोपलीत घालून छताला टांगणं, ही त्यांची शिक्षा. छडी नको म्हणून छत! खर्चाच्या एका सदरातली रक्कम दुसऱ्या सदरात टाकली की हिशेब कसा स्वच्छ दिसतो, हे आम्हा बँकवाल्यांना सांगायला नको.

तर शांततेचं हे मूळ आहे. ती मुलांच्या भल्यासाठी आली नाही, ती काटकसरीतून आली. मास्तर एक, मुलं शेकडो. तेव्हा मुलांनी गप्प बसणं हे सगळ्यात स्वस्त पडत होतं.

ही पद्धत मग परत आली. मुंबईत १८२२ मध्ये देशी भाषांतली शाळा आणि पुस्तकं यांच्यासाठी एक संस्था निघाली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे तिचे चिटणीस. लँकेस्टरची पद्धत या मंडळींनी मनापासून उचलून धरली. पण याच संस्थेत सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे हेही होते. त्यांनी १८२८ मध्ये मराठी मुलांना इसापाच्या गोष्टी दिल्या आणि त्याच साली ‘बाळमित्र’ही दिलं. म्हणजे पाहा, पोरांना गप्प करायचं यंत्र आणि पोरांनी आपण होऊन गप्प व्हावं असं कारण, दोन्ही एकाच कचेरीतून बाहेर पडली. आपण खर्चाला सोपं ते यंत्र घेतलं आणि कोल्हा-करकोचा रिकाम्या तासाला ठेवला.

आमच्या वऱ्हाडाचा कारभार १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे आला. पलीकडचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाकडेच होता आणि तिकडे सरकारी कारभाराची भाषा उर्दू. त्यामुळे सीमेच्या अलीकडे ‘गप बसा बे!’ आणि पलीकडे ‘खामोश!’ एवढाच काय तो फरक असावा. लेकरं दोन्हीकडे सारखीच. कल्ला करायला भाषा लागत नाही.

ऐंशीच्या दशकात आम्ही शाळेत गेलो, तेव्हा बेलसाहेबांचा मॉनिटर दोनशे वर्षांचा झाला होता. पण शिकवायचं काम त्याच्याकडून केव्हाच गेलं होतं. उरलं होतं फक्त फळ्यावर ‘बोलणाऱ्यांची नावे’ लिहिणं. नाव एकदा लागलं आणि पुन्हा बोललात, की नावापुढे फुली. माझ्या नावापुढे फुल्या अशा वाढत, की पुढे वाणिज्य शाखेत चक्रवाढ व्याज शिकताना मला काहीच नवीन वाटलं नाही. आमचा मॉनिटर दोन चिंचा घेऊन एक फुली पुसायचा. कर्जमाफीची ही योजना मी पाहिलेली पहिलीच, आणि अजूनपर्यंतची सर्वांत सुरळीत चाललेली.

त्या शांततेत एक मुलगा मात्र खरोखरच शांत असे. त्याचं नाव फळ्यावर कधी लागलं नाही. गुरुजींचं लाकडी रूळ टेबलावर वाजलं, की तो डोळे मिटून घ्यायचा. तिसरीत असताना एक दिवस तो यायचा बंद झाला. मारलं त्याला कोणी नव्हतं. मार दुसऱ्यांना बसायचा, भीती याला वाटायची. वर्गात कोणाला फरक कळला नाही, कारण तो होता तेव्हाही आवाज नव्हता आणि गेला तेव्हाही झाला नाही. वर्गाच्या शांततेचं कौतुक कानी आलं, की मला तो आठवतो.

शांततेची दुसरीही एक जात आहे, हे मारिया माँटेसरी नावाच्या इटालियन डॉक्टरीणबाईंनी दाखवलं. रोमच्या गरीब वस्तीत १९०७ मध्ये त्यांनी बालगृह उघडलं. एकदा अंगणात एक आई चार महिन्यांच्या बाळाला घेऊन उभी होती. बाईंनी ते बाळ उचललं, वर्गात नेलं आणि मुलांना म्हणाल्या, की पाहा, हे किती स्वस्थ आहे, याचा श्वास किती हलका आहे. तुम्हाला जमेल असं? झालं! चाळीस पोरं श्वास आवरून बसली आणि त्यांना घड्याळाची टिकटिक ऐकू आली. पुढे बाई शेजारच्या खोलीत जाऊन कुजबुजत एकेकाला नावाने हाक मारायच्या आणि ते मूल पाय न वाजवता त्यांच्याकडे जायचं. तिथे शांतता ही शिक्षा नव्हती, तो खेळ होता. याच बाई १९३९ मध्ये काही महिन्यांसाठी म्हणून भारतात आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत इथेच राहिल्या. आमच्याकडे गावाहून येणाऱ्या पाहुण्यांना निदान महायुद्धाचं कारण तरी नसतं.

आता हा खेळ आपल्याकडे कसा चालेल, असं तुम्ही म्हणाल. हीच शंका भावनगरच्या गिजुभाई बधेकांनी आपल्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकात मोठ्या मिश्कीलपणे रंगवली आहे. त्यातले प्रयोगशील गुरुजी पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ घेतात. आणि पोरं? पोरांनी जो काही गोंधळ घातला, की गुरुजींना वर्ग सोडून द्यावा लागला! दुसऱ्या दिवशी त्यांनी शांततेचं नावच काढलं नाही. सरळ राजाराणीची गोष्ट सांगायला बसले. तीच पोरं, तीच खोली, पण चिडीचूप. सुटीची घंटा झाली तरी कोणी हलेना. पुस्तक काल्पनिक आहे, पण कोणत्याही शिक्षकाने वाचलं तर त्याला ते आपलंच वाटेल.

गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक पुढे महाराष्ट्रात आल्या. त्यांनी आणि अनुताई वाघांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर काम केलं. तिथे अडचण उलटीच होती. आदिवासी पोरं शाळेकडे फिरकतच नसत, मग गप्प करणार कोणाला? तेव्हा बायांनी शाळाच उचलली आणि पाड्यावरच्या अंगणात नेऊन ठेवली, ती अंगणवाडी. पोरं गुरांमागे रानात गेली, तर शाळा रानात गेली, ती कुरणशाळा. जिथे गडबड असेल तिथे शाळा न्यायची, हे डोकं लँकेस्टरसाहेबांना झालं नसतं.

आता छडी कायद्यानेच गेली. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यातलं सतरावं कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. छडी गेली, पण मुलांची संख्या आणि आवाज राहिला. त्यावर मला एका फ्रेंच डॉक्टरचा शोध सापडला. एतिएन लोंबार यांनी १९११ मध्ये दाखवून दिलं, की भोवती गलका असला की माणूस नकळत आपला आवाज चढवतो. म्हणजे बाई ओरडल्या की पोरं चढवणार, पोरांनी चढवला की बाई चढवणार. सौ.ना हे वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “हे मला बावीस वर्षं ठाऊक आहे. म्हणून तर गोष्ट सांगताना मी आवाज खाली आणते. माझा घसा बसतो तो गणिताच्या तासाला.”

मी हा प्रयोग बँकेत केला. २०२४ मध्ये लाडक्या बहिणींच्या खात्यांसाठी जी गर्दी उसळली, तेव्हा आमची शाखा म्हणजे एक भली मोठी पहिलीच झाली होती. मी खिडकीत बसून अगदी हलक्या आवाजात बोलू लागलो. पहिल्या रांगेतल्या आजी पुढे वाकल्या, मागच्या गप्प झाल्या. दोन मिनिटं सुंदर शांतता पसरली. मग आजी मागे वळून ओरडल्या, “बाई, याचा आवाजच गेला, दुसऱ्या खिडकीत चला!” लोंबारसाहेबांनी हा भाग लिहून ठेवलेला नाही.

पण मग सौ. एक गोष्ट म्हणाल्या, ती मात्र विनोदाची नव्हती. “वर्ग शांत कसा करायचा, हे विचारणारे तुम्ही शंभर भेटाल. पण आजूबाजूच्या खेड्यांत जाऊन बघा. कुठे पट दहावर आलाय, कुठे सातवर. तिथे बाई बोलतात आणि त्यांचाच आवाज भिंतीवरून परत येतो. तिथल्या बाईंना विचारा, कल्ला म्हणजे काय असतो.”

तेव्हा ताळेबंद असा: भीतीने आलेली शांतता नावे टाकावी, गोष्टीने आलेली जमा धरावी. आणि रिकाम्या बाकांची जी शांतता, तिला बुडीत खातं म्हणतात. तिच्यावर कुठलंच व्याज मिळत नाही. पलीकडच्या शाळेतून उद्या सकाळी अकरा वाजता नेहमीचा गलका ऐकू आला, तर खिडकी लावून घेऊ नका. पंतोजींच्या काळच्या त्या वाण्यासारखं थोडं कान देऊन ऐका. आपली ठेव सुरक्षित आहे, एवढाच त्याचा अर्थ.