गळलेल्या तुकड्याचा शोध

पुरुष वंध्यत्वाचे एक मूळ वाय गुणसूत्रात असते, ही गोष्ट 1976 मध्ये इटलीतील पाविया येथून पुढे आली. टिएपोलो आणि झुफार्डी या संशोधकांनी वंध्यत्वाची तक्रार असलेल्या 1170 पुरुषांची गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. त्यांपैकी पाच जणांच्या वायच्या लांब भुजेचा टोकाकडचा भाग गायब होता. सहावा पुरुष तर हाडांच्या किरकोळ दोषासाठी तपासला गेला होता. त्याच्यातही तेच आढळले. सहाही जण अंगकाठीने चारचौघांसारखे, पण वीर्यात शुक्राणू एकही नाही. शुक्राणू घडवणारे घटक याच भागात असावेत, असा तर्क दोघांनी केला. तो अचूक होता, मात्र त्याची उकल व्हायला वीस वर्षे लागली.

कारण सूक्ष्मदर्शकाला फक्त मोठी तूट दिसते. बारीक तूट पकडता आली ती पीसीआरमुळे, म्हणजे डीएनएचा ठरावीक तुकडा अनेक पटींनी वाढवून पाहण्याच्या तंत्रामुळे. 1995 मध्ये अमेरिकेत डेव्हिड पेज यांच्या गटाला शुक्राणूहीन अशा 89 पुरुषांपैकी 12 जणांत वायचा तुकडा गळलेला दिसला आणि त्यात ‘डॅझ’ हे जनुक सापडले. पुढच्याच वर्षी जर्मनीतील पीटर फोख्ट व सहकाऱ्यांनी या प्रदेशाचे ए, बी आणि सी असे तीन भाग पाडले.

ही विभागणी नुसती नकाशापुरती राहिली नाही. 1992 मध्ये ब्रुसेल्समधून इक्सी, म्हणजे एकच शुक्राणू थेट बीजांडात सोडण्याचे तंत्र, जाहीर झाले होते. त्यामुळे वृषणातून शुक्राणू शोधून काढण्याच्या शस्त्रक्रिया वाढल्या. ए किंवा बी भाग पूर्ण गळला असेल, तर तिथे शुक्राणू मिळण्याची आशा जवळजवळ नसते. शस्त्रक्रिया टाळलेलीच बरी. सी भाग गेला असेल तर अनेकदा थोडे शुक्राणू मिळतात, मूलही होते. पण मुलगा झाल्यास वडिलांचा तोच अपुरा वाय त्याच्याकडे जातो. चाचणीचे खरे मोल या दोन उत्तरांत आहे.

दरम्यान गळलेला भाग ओळखण्यासाठी प्रत्येक प्रयोगशाळा वायच्या डीएनएवरील आपापल्या खुणा वापरत होती, त्यामुळे निष्कर्षांचा मेळ बसेना. 1999 मध्ये युरोपातील तज्ज्ञांनी एका मार्गदर्शिकेत प्रत्येक भागासाठी दोन, अशा सहा खुणा ठरवून दिल्या. चाचणीत जेलवर एखाद्या खुणेची पट्टी उमटली नाही, तर तुकडा खरोखर नाही की अभिक्रियाच फसली, हा प्रश्न उरतो. म्हणून त्याच नळीत ‘झेडएफएक्स/झेडएफवाय’ जनुकांची खूण ठेवतात. शिवाय निरोगी पुरुषाचा, स्त्रीचा आणि नुसत्या पाण्याचा नमुनाही सोबत चालवतात. चाचणीची विश्वासार्हता या कंटाळवाण्या खबरदारीवरच उभी आहे.

भारतात हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेने 2003 मध्ये शुक्राणूहीन अशा 340 पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील 29 जणांत वायचा तुकडा गळलेला होता. युरोपीय मार्गदर्शिका 2004 आणि 2013 मध्ये सुधारली गेली, पण मूळच्या सहा खुणा तशाच कायम राहिल्या.