मराठवाड्याची धूळ आणि मोटारीतली गाळणी

मोटारीच्या एसीत बसणारी हवेची गाळणी, म्हणजे गॅरेजच्या भाषेतला ‘एसी फिल्टर’, औरंगाबादेत (आताच्या छत्रपती संभाजीनगरात) मोटार रुळल्यानंतर बऱ्याच उशिरा आली. अ‍ॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात गाडीत वारा यायचा तो मुख्यतः खाली केलेल्या काचांतून आणि पुढच्या दारांवरच्या त्रिकोणी काचांतून. वाऱ्याबरोबर धूळही येई. इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, रस्त्याकडेला तिची भुकटी होते आणि समोरून एखादा ट्रक गेला की ती थेट सीटवर येऊन बसते. तोंडावर रुमाल धरणे, हाच त्यावरचा उपाय होता.

हवा गाळून आत घेण्याची कल्पना मात्र जुनी आहे. अमेरिकेतल्या नॅश कंपनीने १९३८ च्या मॉडेलांसाठी बाहेरची हवा गाळून, गरम करून पंख्याने आत सोडणारी व्यवस्था आणली. स्वीडनच्या साबने १९७८ मध्ये ‘साब ९००’ला प्रवाशांसाठी स्वतंत्र फिल्टर दिला. युरोपात वसंतात उडणाऱ्या परागकणांनी अनेकांना शिंका आणि डोळ्यांची जळजळ होते. त्यांना दिलासा मिळावा, हा या फिल्टरचा मोठा उपयोग होता. नव्वदच्या दशकात तो तिकडच्या गाड्यांत सर्रास दिसू लागला. परागकणांसाठी रूढ झालेली ही वस्तू पुढे दख्खनच्या धुळीला तोंड देणार होती.

औरंगाबादचे वाहन उद्योगाशी नाते जुळले ते दुचाकीपासून. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. शहर दुचाकीवर फिरू लागले, आणि नाकातोंडाला ओढणी किंवा रुमाल गुंडाळून निघणे ही इथली रोजची सवय झाली. त्याच सुमारास मारुती ८०० मुळे चारचाकी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली, आणि एसीची गाडीही हळूहळू नवलाईची राहिली नाही. या गाड्यांत ब्लोअर होता, फिल्टर नव्हता.

त्याचा परिणाम डॅशबोर्डच्या आत होई. एसीची कूलिंग कॉइल थंड असल्यामुळे तिच्यावर हवेतले पाणी साचते आणि ओल्या पत्र्यांना धूळ चिकटते. दोन-तीन उन्हाळ्यांत तिथे चिखलाचा थर जमे. एसी लावला की कोंदट वास येई आणि हवेचा झोत मंदावे. मग डॅशबोर्ड उकलून, गॅस काढून, कॉइल धुऊन पुन्हा बसवायची. एसी मेकॅनिकांच्या धंद्याचा हा हुकमी भाग होता आणि गाडीमालकाला तो महाग पडे. हातभर लांबीचीही नसलेली एक घडीची गाळणी हे सारे टाळू शकते, हे पाहता तिच्या उशिरा येण्याची हळहळ वाटते.

२००१ मध्ये शहराजवळच्या शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत स्कोडा ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू झाली. या गाडीच्या मूळ रचनेतच परागकणांचा फिल्टर होता, पुढच्या काचेखालच्या प्लास्टिकच्या आवरणाखाली. तो फक्त बाहेरून येणारी हवा गाळी. आतलीच हवा फिरवणारे बटण दाबले की त्याचे काम थांबे. त्यानंतरच्या स्कोडा लॉरात फिल्टर प्रवाशाच्या पायांकडे, डॅशबोर्डच्या कप्प्याखाली गेला आणि घरच्या घरी बदलणे सोपे झाले. पुढे शेंद्र्यात ऑडीही जुळू लागल्या. ऑक्टोबर २०१० मध्ये तर शहरातल्या खरेदीदारांनी एकत्र येऊन सुमारे ६५ कोटी रुपयांच्या १५० मर्सिडीज एकदम घेतल्या.

लहान गाड्यांची गोष्ट वेगळी आणि अधिक रंजक. २००५ मध्ये आलेल्या मारुतीच्या पहिल्या स्विफ्टमध्ये फिल्टरची जागा होती, फिल्टर नव्हता. त्या जागेचे तोंड प्लास्टिकने बंद केलेले असे. देशभरच्या हौशी मालकांनी ते ब्लेडने कापून बाजारातला फिल्टर आत सरकवला. मेकॅनिकवाचून गाडीचे काम करण्याची गोडी अनेकांना अशा कामांतूनच लागली. आजच्या बहुतेक गाड्यांत कापाकापी लागत नाही. डॅशबोर्डच्या कप्प्यातले सामान काढायचे, कप्प्याच्या दोन्ही बाजू आत दाबून तो खाली सोडायचा, मागचे झाकण उघडून जुना फिल्टर ओढायचा, खोबण पुसायची आणि नवा बसवताना त्याच्या कडेवरचा बाण हवेच्या प्रवाहाच्या दिशेने ठेवायचा. ब्लोअर बंद असला पाहिजे, नाहीतर पाचोळा थेट पंख्यात जातो.

जुनी एक सवय मात्र या फिल्टरला घातक ठरली. इंजिनच्या एअर फिल्टरला कॉम्प्रेसरची हवा मारायची रीत गॅरेजमध्ये पक्की होती. तीच एसी फिल्टरवर चालवली गेली. हा फिल्टर न विणलेल्या कृत्रिम धाग्यांचा असतो आणि त्यांतल्या अनेकांवर स्थिर विद्युतभार असतो. त्याच्या ओढीने बारीक कण धाग्यांना चिकटतात. जोराच्या हवेने जाड धूळ उडते, पण धागे फाटू शकतात. पाण्याने धुतले तर भार कमी होतो. फिल्टर पांढरा दिसतो, गाळत मात्र कमी असतो. म्हणून तो बदलणेच योग्य. साधारणपणे १५ हजार किलोमीटर किंवा एक वर्ष ही मुदत धरतात. खडी-मातीच्या रस्त्यांवर रोज फिरणाऱ्या गाडीला ती निम्म्यावर आणावी लागते. धुराचा वास रोखायचा असेल तर सक्रिय कोळशाचा थर असलेला फिल्टर लागतो. साधा फिल्टर वायू अडवत नाही.

जानेवारी २०१९ मध्ये केंद्राचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला आणि हवेचे मानक न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत औरंगाबादही होते. त्याच वर्षी आलेल्या किया सेल्टोससारख्या गाड्यांच्या वरच्या मॉडेलांत हवा शुद्ध करणारे वेगळे यंत्र मिळू लागले. त्या यंत्राची गाळणी एसी फिल्टरहून निराळी असते आणि तीही वेळच्या वेळी वेगळी बदलावी लागते.